‘तीव्र’च्या उलट काय? विरुद्धार्थी शब्दांच्या अध्यापनाविषयी

विरुद्धार्थी शब्द हा भाषेच्या प्राथमिक अध्यापनातील परिचित घटक होय. फळ्यावर दोन स्तंभ आखून जोड्या पाठ करवून घेण्याची पद्धत पुष्कळ शाळांत रूढ आहे. ‘आत–बाहेर’, ‘वर–खाली’ यांसारख्या शब्दांपुरती ती पुरते. परंतु ‘तीव्र’, ‘प्रखर’, ‘उग्र’ अशा विशेषणांपाशी ती अपुरी पडते. या शब्दांचा विरुद्धार्थ ते ज्या नामास लागतात त्यावर अवलंबून असतो.

उतार तीव्र नसेल तर तो मंद असतो. वेदना तीव्र नसेल तर ती सौम्य असते. विज्ञानाच्या पाठात तीव्र आम्लाची जोडी सौम्य आम्लाशी लागते. तेथे ‘विरल’ हा शब्द चालत नाही. विरल म्हणजे पाण्याचे प्रमाण अधिक असलेले आम्ल, व त्याच्या उलट संहत आम्ल. गायनात तीव्र मध्यमाची जोडी शुद्ध मध्यमाशी असते. खेड्यातील मुलांच्या बोलण्यात तर हे भांडार आयतेच भरलेले आहे : ऊन कडक किंवा कोवळे, पाऊस मुसळधार किंवा रिमझिम, थंडी कडाक्याची किंवा गुलाबी, भाजी तिखट किंवा सपक, विळ्याची धार तीक्ष्ण किंवा बोथट. म्हणून केवळ ‘तीव्र × ?’ असा प्रश्न विचारून ‘मंद’ लिहिणाऱ्यास गुण देणे व ‘सौम्य’ लिहिणाऱ्याचे उत्तर खोडणे न्याय्य नव्हे. प्रश्न वाक्यातच विचारावा.

दुसरी गोष्ट अशी की, जोर नसणे म्हणजे बळ नसणे नव्हे. ‘सौम्य’, ‘मृदू’, ‘मवाळ’ यांत संयम आहे. ‘दुबळा’, ‘नेभळट’, ‘मिळमिळीत’ यांत उणीव आहे. पुण्याच्या सार्वजनिक जीवनात लोकमान्य टिळक जहाल व नामदार गोखले मवाळ म्हणून ओळखले गेले. 1907 साली सुरतेच्या अधिवेशनात काँग्रेसमधील हे दोन पक्ष विभक्त झाले. परंतु गोखल्यांना कोणी दुबळे म्हणणार नाही. आज कर्वेनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हिंगण्याचा इतिहासही हेच सांगतो. शांत व मितभाषी अशा धोंडो केशव कर्वे यांनी 1893 साली विधवेशी विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरुड गावाने त्यांना वाळीत टाकले. त्यांनी 1896 साली अनाथ बालिकाश्रम काढला, 1900 साली तो हिंगण्यास नेला आणि 1916 साली महिला विद्यापीठ स्थापिले. 1958 साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना ‘भारतरत्न’ हा किताब मिळाला. वाणी सौम्य व निश्चय दृढ, हे दोन्ही एकाच माणसाच्या ठायी नांदू शकतात, हे मुलांना या उदाहरणावरून सहज उमगेल.

यातूनच शिक्षकांनी स्वतःसाठीही एक बोध घ्यावा. ‘मंद’ हे विशेषण दिव्याला, वाऱ्याला, आचेला शोभते. मुलाला लावले की तो त्याचा शिक्का होतो. सावकाश वाचणारा मुलगा ‘सावकाश वाचतो’ एवढेच म्हणावे.

पाठ घेताना फळ्यावर प्रथम नाम लिहावे, मुलांकडून त्यास साजेशी दोन परस्परविरुद्ध विशेषणे मिळवावीत, व प्रत्येकाचे एक वाक्य करवून घ्यावे. जोडी वाक्यात नीट बसली, तरच ती फळ्यावर ठेवावी.