हात घालण्याआधी नजर

ॲरिझोनातल्या फिनिक्सला लेकाकडे नाहीतर लेकीकडे आलेल्या आई-बाबांना पहिल्या दोन आठवड्यांतच एक प्रश्न छळू लागतो: मागे एवढी मोकळी जागा पडली आहे, मग चार मेथीच्या काड्या का लावत नाही? तिसऱ्या आठवड्यात वाफा तयार होतो. मग शेजारी सहज सांगून जातो की इथे रॅटलस्नेक निघतात, आणि घराची झोप उडते.

ही भीती खोटी नाही. पण ती बऱ्याचदा चुकीच्या जागी बसलेली असते. फिनिक्समध्ये वर्षभरात जेमतेम १८-२० सेंटीमीटर पाऊस पडतो. अशा ठिकाणी आपला ओला वाफा म्हणजे आसपासच्या जिवांच्या लेखी पाणवठा. तिथे कोण येणार आणि किती जवळ येणार, हे बरंचसं आपण बाग कशी मांडतो त्यावर ठरतं.

गैरसमज: अमेरिकेला उन्हाळ्यात यावं आणि भाजीही तेव्हाच लावावी.

वस्तुस्थिती: हा सल्ला न्यू जर्सीचा. फिनिक्सला तो उलटा लागू पडतो. २०२३ मध्ये इथे सलग ३१ दिवस पारा ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेला होता. एवढ्या उन्हात टोमॅटोची फुलं गळतात आणि माणूसही टिकत नाही. मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा यांची पेरणी ऑक्टोबरमध्ये करायची. भेंडी, गवार, चवळी यांची वेळ मार्चनंतर येते. म्हणून सहा महिन्यांचा मुक्काम ऑक्टोबर ते मार्च असा धरला, तर भाजी हाताशी येते, आणि थंडीचे दोन-तीन महिने सापांचा वावरही पुष्कळ कमी असतो.

गैरसमज: वाफा उंच हवा आणि रोज वरून पाणी शिंपडायला हवं.

वस्तुस्थिती: उंच वाफा वाळवंटात लवकर सुकतो. न्यू मेक्सिकोतले झुनी लोक पूर्वापार खोलगट चौकोन करून कडेने मातीचे बांध घालत आले आहेत. आपल्या भाषेत सांगायचं तर आळीच. आई-बाबांना हे नव्याने शिकवावं लागत नाही. पाणी रोज शिंपडण्यापेक्षा दोन-चार दिवसांनी, पण वीत-दीड वीत खोल मुरेल असं द्यावं. गुडघे कुरकुरत असतील तर उंच पेटी जरूर घ्या, पण तिच्या खालची पोकळी बंद करा. तिथल्या गार सावलीत सापाला बसायला आयतीच जागा मिळते.

गैरसमज: रॅटलस्नेक आधी खुळखुळा वाजवतो आणि मगच चावतो.

वस्तुस्थिती: ॲरिझोनात रॅटलस्नेकच्या १३ जाती आहेत. शेपटीचा खुळखुळा ते वाजवतात, पण दर वेळी नाही. पुष्कळदा साप निपचित पडून राहतो, कारण दिसू न देणं हाच त्याचा पहिला बचाव असतो. भोपळ्याच्या पसरलेल्या वेलाखाली मातीच्या रंगाचं वेटोळं असेल, तर ते चष्मा लावूनही चटकन दिसत नाही. म्हणून आधी लांब काठीने पानं बाजूला करावीत, नीट बघावं आणि मग हात घालावा. चपला नकोत, बंद बूट हवेत. उन्हाळ्यात साप रात्री फिरतो, तेव्हा अंधारात बाहेर पडताना विजेरी न्यावी.

तो पाठलाग करत नाही आणि डूखही धरत नाही. दिसला तर मागे सरायचं आणि त्याला वाट द्यायची. मेलेल्या सापाच्या तोंडालाही हात लावू नये. तुटलेलं डोकंसुद्धा चावू शकतं.

चावलाच, तर चिरा देणं, विष चोखणं, आवळून बांधणं, बर्फ लावणं यातलं काहीही करू नका. अंगठी-बांगड्या काढा, माणसाला शांत बसवा आणि ९११ ला फोन करा. विषबाधेच्या सल्ल्यासाठी १-८००-२२२-१२२२ हा क्रमांक आहे. तो मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावून ठेवा.

गैरसमज: कडेने डांबर गोळ्या टाकल्या की साप येत नाही.

वस्तुस्थिती: साप येतोच, शिवाय ते विष भाजीच्या मातीत आणि नातवंडांच्या हातात जातं. उपयोग होतो तो पाव इंच भोकांच्या जाळीचा. ती कमरेएवढी उंच हवी आणि तिची खालची कड जमिनीत पुरलेली हवी. लाकडांचे ढीग आणि सांडलेलं पक्ष्यांचं दाणापाणी हटवा. दाण्यांमागे उंदीर येतात आणि उंदरांमागे साप.

गैरसमज: विंचू जेवढा मोठा, तेवढा विषारी.

वस्तुस्थिती: गावाकडेही काळ्याभोर इंगळीला सगळे घाबरतात, पण जीव घेतो तो तिच्याहून लहान लाल विंचू. त्याच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिनचा उपचार रूढ केला. ॲरिझोनातही हाच न्याय आहे. धिप्पाड, केसाळ विंचू त्या मानाने सौम्य. खरा धोका फिकट पिवळसर, दोन-तीन इंचांच्या बार्क विंचवाचा. तो भिंतीवर चढतो आणि कुंडीच्या बुडाला उलटा चिकटून बसतो. त्याचं विष मुख्यतः मज्जातंतूंवर परिणाम करतं, म्हणून गावाकडच्या उपचाराची आठवण ठेवून घरीच गोळ्या देऊ नका. त्यावरचं प्रतिविष अमेरिकेत २०११ पासून मान्यताप्राप्त आहे. अतिनील विजेरीच्या प्रकाशात विंचू हिरवट चमकतो. रात्री एक फेरी मारली की बागेत किती विंचू आहेत ते कळतं.

गैरसमज: हावेलिना म्हणजे रानडुक्कर. चार सालं टाकली की वाफा सोडून देतं.

वस्तुस्थिती: दिसतं डुकरासारखं, पण ते वेगळ्या कुळातलं आहे. ते कळपाने येतं आणि त्याची नजर अधू, नाक मात्र तीक्ष्ण असतं. सालं टाकली की कळप रोज हजेरी लावतो. शिवाय फिनिक्स आणि टुसॉनच्या परिसरात पक्षी आणि झाडावरच्या खारी सोडून वन्यप्राण्यांना खाऊ घालणं बेकायदा आहे. जमिनीपासून वीतभर उंचीवर कमी दाबाच्या विजेची एक तार लावली तरी हावेलिना परततं.

गैरसमज: साप-विंचू टळले की धोका टळला.

वस्तुस्थिती: २०२३ मध्ये फिनिक्सच्या मॅरिकोपा काउंटीत उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यूंची नोंद झाली. उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी भाजण्याइतकं कढत असतं. ते आधी बाजूला सोडून द्यावं. बागकाम सकाळीच उरकावं.

दुसरा धोका डोळ्यांना दिसतच नाही. इथल्या मातीत एक बुरशी असते. कोरडी माती उकरली की तिचे बीजाणू धुळीबरोबर फुप्फुसात जातात आणि व्हॅली फीव्हर होतो. साठी ओलांडलेल्यांना आणि मधुमेह असणाऱ्यांना तो जास्त त्रास देतो. माती आधी भिजवावी, मग खणावी. वारा सुटला असेल तर त्या दिवशी खणूच नये. ताप, खोकला, थकवा ही लक्षणं एक ते तीन आठवड्यांनी दिसतात, म्हणजे कदाचित आई-बाबा पुण्याला परतल्यावर. तिथले डॉक्टर साहजिकच न्यूमोनिया किंवा क्षयाचा विचार करतील. तेव्हा "ॲरिझोनात माती खणली होती" हे एक वाक्य त्यांनी आठवणीने सांगायला हवं.

मुलांनी काय करायचं? खणणं, जाळी पुरणं, कुंड्या हलवणं ही कामं आपण करावीत. पेरणी, आळी आणि खुडणी आई-बाबांवर सोडावी, ते त्यात आपल्याहून तरबेज असतात. आणि दाराशी बुटांच्या शेजारी एक लांब काठी ठेवावी.