थेंबाच्या आतील प्रतिआयन

रसायनशास्त्राच्या विषयावर मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने लेखणी उचलावी, हे श्रोत्यांपैकी काहींना धाडसाचे वाटेल. परंतु ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमतो, ते विज्ञान मराठीतून शिकवीत आणि शब्द अडला तर आधी आपली समज तपासावी असे सांगत. मागील व्याख्यानानंतर एका माजी विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, काउंटर-आयनला मराठीत काय म्हणावे?” मला उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते राहिलेले उत्तर होय.

लहानपणी हात भाजला असता आईने चुन्याची निवळी आणि खोबरेल तेल वाटीत घोटून लावल्याचे मला आठवते. (आज डॉक्टर प्रथम थंड पाण्याची धार धरावयास सांगतात, तेच करावे.) घोटता घोटता ते मिश्रण पांढरे व दाट होई. खोबरेलात थोडी मुक्त मेदाम्ले असतात. निवळीतील कॅल्शियमशी त्यांचा संयोग होऊन कॅल्शियमचा साबण तयार होतो आणि तो पाण्याचे थेंब तेलात धरून ठेवतो. चुन्याऐवजी सोडा वापरला तर सोडियमचा साबण होतो, आणि मग उलट तेलाचे थेंब पाण्यात राहू पाहतात. तेल तेच, आम्लही तेच. बदलला तो केवळ धनभारित सोबती. क्लोव्ज या शास्त्रज्ञाने १९१६ मध्ये सोडियम व कॅल्शियम यांचा हा परस्परविरोध दाखवून दिला.

अशा मिश्रणास विज्ञानाच्या मराठीत ‘पायस’ म्हणतात. आपल्या घरी पायस म्हणजे खीर. मूळ शब्द ‘पयस्’, म्हणजे दूध, आणि दूध हेही पाण्यात विखुरलेल्या स्निग्धाचे पायसच. परिभाषा क्वचित इतकी सुरस असते!

साधे पायस कालांतराने फुटते. सूक्ष्मपायस मात्र आपण होऊन बनते व टिकते. त्यातील थेंब काही नॅनोमीटरांचे, प्रकाशाच्या तरंगलांबीहून फारच लहान. म्हणून ते दुधासारखे न दिसता पारदर्शक दिसते. तेलातील पाण्याच्या थेंबाभोवती पृष्ठसक्रिय रेणू शेपट्या तेलात व डोकी पाण्याकडे करून उभे असतात. एरोसोल ओटी या बहुचर्चित पदार्थात ही डोकी ऋणभारित असतात. सारखे भार एकमेकांस दूर लोटतात. तसे झाले तर वेढा सैल पडावयाचा. तो आवळून धरण्याचे काम थेंबाच्या पाण्यात राहणारा सोडियमचा आयन करतो.

आता आयन बदलला की सारे बदलते. जो आयन डोक्यांना अधिक घट्ट बिलगतो, तो भार अधिक झाकतो. डोकी जवळ सरकतात आणि पडदा आत अधिक वळतो. जो आयन स्वतःभोवती पाण्याच्या रेणूंचा जाड वेष्टनथर बाळगतो, तो दूरच राहतो. द्विभारित कॅल्शियमला दोन डोकी सांभाळावी लागतात. सोडियमच्या जागी कोबाल्ट, निकेल वा तांबे आले तर, पाणी अल्प असता, थेंब गोल न राहता काडीसारखे लांबट होतात. मीठ घातल्याचा परिणामही असाच दुहेरी आहे: काही तेलांत थोड्या मिठाने थेंब एकमेकांना चिकटणे कमी होऊन अधिक पाणी सामावते; मर्यादा ओलांडली की पडदा इतका आवळतो की जास्तीचे पाणी बाहेर टाकले जाते.

हा विषय आपल्या शहराला परका नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात प्रा. ए. के. रक्षित यांनी सूक्ष्मपायसांवर संशोधन केले. त्याही आधी, १८९० मध्ये, त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने येथे कलाभवन सुरू झाले, तेव्हा रंग व रसायन देशी भाषेत शिकविण्याचा आग्रह होता. हरणीहून शहरात जाता-येता मला या गोष्टीचे नेहमी अप्रूप वाटते.

राहता राहिला शब्द. ‘प्रतिआयन’ रूढ होत आहे. ‘प्रति’ ऐकताच प्रतिपक्ष आठवतो, म्हणून प्रथम मी नाक मुरडले. पण प्रतिसाद आणि प्रतिष्ठा यांतही तोच उपसर्ग आहे. तो शब्द मी त्या विद्यार्थ्यास कळविला. त्याचे उत्तर आले, “शब्द आवडला, सर. प्रयोगशाळेत मात्र आम्ही अजून सोडियमच म्हणतो.”