चित्रकला व डिजिटल वर्गाची फी भरण्यापूर्वी

गेल्या काही वर्षांत शालेय मुलांना चित्रकला, संगणकावरील ग्राफिक्स, व्हिडिओ आणि अ‍ॅनिमेशन शिकविणारे वर्ग शहरांतून निघाले आहेत. आता मुरबाड-शहापूरकडील पालकही त्याबाबत चौकशी करू लागले आहेत. आम्ही कापडाचे व्यापारी. चित्रकार नव्हे, संगणकातले जाणकार तर मुळीच नव्हे. परंतु ज्या मालावर आमची रोजी चालते त्याचा भाव पुष्कळदा सुतापेक्षा नक्षीवर ठरतो. त्यामुळे नक्षी कोण काढतो, कशी काढतो आणि त्याला काय मिळते, हे आम्हांला रोज पाहावे लागते. त्या अनुभवावरून पालकांना चार गोष्टी सांगाव्यात, असे वाटले.

पालकांमध्ये साधारणपणे दोन मते आढळतात. एका मताचे पालक म्हणतात की चित्रे काढून पोट भरत नाही, तेव्हा हा पैसा वाया. दुसऱ्या मताचे पालक समजतात की मुलाला संगणकापुढे बसविले की कमाई सुरू होईल. आमच्या मते दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. कला हे धंद्याचे भांडवल आहे, पण ते हातात आणि डोळ्यांत साठते. यंत्र हे भांडवल फिरवते, निर्माण करीत नाही. म्हणून हात आधी आणि यंत्र नंतर, हा क्रम जो वर्ग पाळतो त्यालाच फी द्यावी.

डिजिटल म्हणजे काय?

हा शब्द ऐकून अनेकजण बिचकतात. वास्तविक भिवंडीच्या मागावर काम केलेल्या माणसाला तो समजायला अवघड नाही. विणून नक्षी काढायची असेल तर ती प्रथम चौकटींच्या कागदावर मांडतात. एक चौकट म्हणजे एक उभा आणि एक आडवा धागा जेथे मिळतात ती जागा. चौकट भरलेली असेल तर उभा धागा वर, रिकामी असेल तर खाली. १८०४ साली फ्रान्समधील लियों या रेशमाच्या शहरात जाकार नावाच्या कारागिराने याच हिशेबाने छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग पुढे आणला. छिद्र असेल तेथे धागा उचलला जाई, नसेल तेथे नाही. पुढे इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी ही छिद्रांच्या पुठ्ठ्यांची कल्पना मागावरूनच घेतली. म्हणजे संगणकाचे एक मूळ विणकराच्या घरी सापडते.

संगणकावरील चित्रही अशाच चौकटींचे बनते. त्यांना पिक्सेल म्हणतात. समजा, मोबाइलवर आलेल्या फुलाच्या चित्राची रुंदी १२०० पिक्सेल आहे. चांगल्या छपाईला इंचामागे सुमारे ३०० पिक्सेल धरतात, म्हणजे ते चित्र ४ इंचांपर्यंतच स्वच्छ उमटेल. तेच चित्र ताणून ४० इंची चादरीवर छापले तर इंचामागे फक्त ३० पिक्सेल उरतात. ४० इंच पन्ह्यात १२०० धागे टाकले तर कापड जाळीदार होणार, तसेच हे. चित्र फाटलेले दिसते ते याच कारणाने. दुसरा प्रकार रेषांच्या गणिताने बनणाऱ्या चित्रांचा. त्याला व्हेक्टर म्हणतात. ते कितीही मोठे केले तरी फाटत नाही, म्हणून बोधचिन्हे आणि दुकानांची अक्षरे त्यात करतात.

रंगाचेही तसेच. पडद्यावरचा रंग प्रकाशाचा असतो आणि तो लाल, हिरवा, निळा या तिघांपासून बनतो. कागदावरची रंगीत छपाई निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार शाईंनी होते. म्हणून पडद्यावर झगमगणारा पोपटी छापल्यावर मळकट निघतो. जो शिक्षक मुलाला एवढ्या गोष्टी पहिल्या काही महिन्यांत समजावून देतो, त्याला विषय येतो असे समजावे.

हातचे काम यंत्रात जाते

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. तख्तीवर बोरूने अक्षर घटविणे हा तेव्हाचा शिरस्ता. मुंबईच्या उर्दू वर्तमानपत्रांत कातिब मंडळी संपूर्ण मजकूर हाताने लिहीत आणि त्यावरून छपाई होत असे. १९८१ साली पाकिस्तानच्या मिर्झा अहमद जमील यांनी अठरा हजारांहून अधिक अक्षरजोडण्या स्वतः लिहून नूरी नस्तालीक ही संगणकाची लिपी सिद्ध केली. १९९४ साली इनपेज हा प्रोग्राम आला आणि हळूहळू कातिबांचे काम गेले. यातून दोन गोष्टी दिसतात. एक, यंत्र आले की अनेकांची रोजी जाते, हे नाकारण्यात अर्थ नाही. दुसरी, यंत्रात जे गेले ते एका कसलेल्या हाताचेच वळण होते.

दुकानांच्या पाट्या रंगविणाऱ्या पेंटर लोकांचेही असेच झाले. फ्लेक्स आला आणि ब्रश बाजूला पडला. परंतु ज्याला अक्षरांमधील अंतर, जाडी-बारीकपणा आणि मोकळी जागा यांची समज होती, तो फ्लेक्सच्या दुकानात बसूनही उठून दिसला. ज्याला केवळ बटणे दाबता येत होती, त्याची जागा पुढच्या स्वस्त मुलाने घेतली.

सरकारी ग्रेड परीक्षा

हात आणि डोळा तयार करण्याची सोय आपल्या राज्यात फार जुनी आहे. महाराष्ट्राच्या कला संचालनालयामार्फत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा घेतल्या जातात. शाळेतील चित्रकला शिक्षकाकडे चौकशी केल्यास त्यांची माहिती मिळते. दोन्ही परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला इंटरमिजिएटच्या श्रेणीप्रमाणे दहावीला वाढीव गुण मिळतात. ए श्रेणीला ७, बी श्रेणीला ५ आणि सी श्रेणीला ३. पालकांचे लक्ष बहुधा या गुणांवरच असते. आमच्या मते खरा नफा अभ्यासक्रमात आहे.

वस्तुचित्र व स्थिरचित्र यांत समोरच्या वस्तूचे प्रमाण आणि छाया-प्रकाश पाहायला शिकवितात. पुढे फोटो किंवा व्हिडिओ घेताना प्रकाश कोठून यावा, हे ज्ञान येथूनच मिळते. स्मरणचित्रात माणसे, गर्दी आणि प्रसंग यांची मांडणी असते. अ‍ॅनिमेशन आणि चित्रपटासाठी प्रसंगांची चित्रे आधी कागदावर काढतात, त्याचा पाया हाच. संकल्पचित्रात ठराविक आकारात नक्षी बसविणे आणि तिची पुनरावृत्ती करणे आले. कापडाच्या धंद्यात त्याला रिपीट म्हणतात. साडीच्या काठाचा रिपीट जुळला नाही तर संपूर्ण लॉट अंगावर पडतो. भूमिती आणि अक्षरलेखन हे बोधचिन्ह, पाटी आणि वेष्टन यांच्या कामाला येते.

रंग मोजून वापरण्याची सवयही कागदावरच लागते. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगासाठी वेगळी स्क्रीन करावी लागते. जी नक्षी एकजण ६ रंगांत काढतो तीच दुसऱ्याने ३ रंगांत खुलविली, तर ३ स्क्रीनचा खर्च वाचतो. अशा माणसाला कारखानदार सोडत नाही.

यंत्रच चित्र काढत असेल तर?

हा प्रश्न आता प्रत्येक पालक विचारतो आणि तो रास्त आहे. २०२२ पासून कृत्रिम बुद्धिमत्तेची अशी साधने सर्वसामान्यांच्या हाती आली आहेत की शब्द लिहिले की चित्र तयार होते. किरकोळ कामे त्यामुळे कमी होत आहेत आणि आणखी कमी होतील, हे पालकांपासून लपवू नये. परंतु असे तयार चित्र छपाईला घेतले की अडचणी कळतात. रिपीट जुळत नाही, रंग आटोक्यात नसतात, देवनागरी किंवा उर्दू अक्षरे वेडीवाकडी निघतात. उद्या यातील काही दोष दूरही होतील. तरीही दहा चित्रांतून कोणते चालेल आणि ते कोठे सुधारावे, हे ठरविणारा डोळा लागणारच. तो डोळा वर्षानुवर्षे वस्तू पाहून आणि काढून तयार होतो. ज्या मुलाने कधी घागर काढली नाही, त्याला घागरीचा काठ वाकडा निघाला हे कळणार कसे?

नक्षी कोणाची, हेही शिकवावे

आज चादरी, कुर्ते, पिशव्या यांवर वारली चित्रे सर्वत्र छापलेली दिसतात. ही कला आपल्याच भागातली. डहाणू तालुका २०१४ मध्ये पालघर जिल्हा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. तेथील जिव्या सोमा मशे यांनी ही कला घराच्या भिंतीवरून कागद-कापडावर आणून जगापुढे नेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांकाची नोंदही मिळाली. असे असूनही बाजारातील बराच माल ज्यांची ही कला, त्यांना काही न देता छापला जातो. आमच्या धंद्याला ही गोष्ट शोभणारी नाही.

म्हणून मुलांना दुसऱ्याची नक्षी उचलणे आणि तिच्यापासून शिकणे यातील फरक सुरुवातीपासून सांगितला पाहिजे. तसेच स्वतःच्या नक्षीचे हक्कही समजले पाहिजेत. २००० च्या डिझाइन कायद्यान्वये नवीन नक्षीची नोंदणी केल्यास १० वर्षे संरक्षण मिळते आणि ते आणखी ५ वर्षे वाढविता येते. मात्र नक्षी बाजारात आणण्यापूर्वीच अर्ज करावा लागतो. अनेक कारागीर येथेच फसतात.

म्हसा येथे असा वर्ग चालेल का?

शहापूर तालुक्यातील तानसा आणि भातसा धरणांचे पाणी मुंबईकरांना घरपोच मिळते. आपल्या मुलांना मात्र चांगले शिक्षण हवे असेल तर शहराकडे जावे लागते. मुरबाड तालुक्यात अजून रेल्वे आलेली नाही. म्हसा किंवा आसपासच्या पाड्यावरील मुलाने शाळा सुटल्यावर एस.टी.ने कल्याणला जाऊन वर्ग करावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. मुलींच्या बाबतीत तर पालक सरळ नाही म्हणतात, आणि एखाद्या मुलीचा हात कितीही चांगला असला तरी तो तेथेच थांबतो. तेव्हा वर्ग गावाजवळच हवा.

त्याला मोठे भांडवल लागत नाही. शाळेची एक खोली, मन लावून शिकविणारा एक चित्रकला शिक्षक, कागद, पेन्सिली, जलरंग एवढ्यावर पहिले वर्ष निघते. पावसाळ्यात वीज गेली तरी हे काम अडत नाही. दुसऱ्या वर्षी एक-दोन जुने संगणक पुरतात. चित्रासाठी क्रिता, फोटोसाठी गिम्प, व्हेक्टरसाठी इंकस्केप आणि अ‍ॅनिमेशनसाठी ब्लेंडर हे प्रोग्राम पूर्णपणे मोफत आणि कायदेशीर आहेत. ते कमी दर्जाचे असतील असे समजू नये. २०२५ साली ऑस्कर मिळविणारा लॅटव्हिया देशाचा ‘फ्लो’ हा अ‍ॅनिमेशनपट ब्लेंडरवरच तयार झाला. मात्र ब्लेंडरला जरा ताकदीचा संगणक लागतो. बाकीची कामे साध्या संगणकावर होतात.

विषय शोधायलाही लांब जायला नको. पौष पौर्णिमेला भरणारी म्हशाची जत्रा आणि तिचा बैलबाजार पाहायला लांबलांबून लोक येतात. जत्रा, बाजार, एस.टी. स्टँड हे तर स्मरणचित्राचे नेहमीचे विषय. शहरातील मूल जे पुस्तकातून काढते, ते येथील मुलाने डोळ्यांनी पाहिलेले असते. बैलाची शिंगे, पाठीवरची झूल, दुकानांची रांग, हे आधी कागदावर, मग संगणकावर आणि शेवटी दोन मिनिटांच्या व्हिडिओत आणता आले, तर मुलाला संपूर्ण विषय कळला असे समजावे.

फी देण्यापूर्वी काय पाहावे?

व्यापारी ताका उलगडून पाहिल्याशिवाय माल घेत नाही. पालकांनीही तसेच करावे.

१. शिक्षकाचे स्वतःचे काम पाहावे आणि वर्गातील जुन्या मुलांच्या वह्याही मागाव्यात. केवळ प्रमाणपत्रांच्या फायली पाहू नयेत.

२. पहिल्या दिवसापासून संगणकावर बसविणाऱ्या वर्गापासून दूर राहावे. सहावी-सातवीपर्यंत बहुतेक काम हाताने व्हावे.

३. संपूर्ण वर्षाची फी एकदम देऊ नये. महिन्याची फी द्यावी आणि पावती घ्यावी.

४. कोणते प्रोग्राम शिकवितात ते विचारावे. चोरीचे प्रोग्राम वापरणारा वर्ग मुलाला पहिलाच धडा चुकीचा देतो.

५. नोकरीची हमी देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. दहावीच्या मुलाला कोणी हमी देऊ शकत नाही.

६. मुलांचे फोटो किंवा व्हिडिओ इंटरनेटवर टाकण्यापूर्वी पालकांची लेखी परवानगी घेतात काय, हे पाहावे.

ज्या मुलांची गोडी टिकेल त्यांच्यासाठी पुढचे रस्ते खुले आहेत. १८५७ साली स्थापन झालेली मुंबईची जे. जे. कलाशाळा, आयआयटी मुंबईतील डिझाइन विभाग, खारघरची निफ्ट या संस्थांत बारावीनंतर प्रवेश परीक्षेने जाता येते, आणि त्या परीक्षांत चित्र काढण्याची पारख होते. सगळी मुले तेथे जाणार नाहीत, आणि तशी गरजही नाही. मुरबाडला फ्लेक्सचे दुकान, शहापूरला लग्नाच्या पत्रिका व व्हिडिओचे काम, भिवंडीला नक्षीचा कागद, यांतही इज्जतीची भाकर आहे. फक्त हात कसलेला हवा.

म्हसा व परिसरातील व्यापारी बंधूंना आमची एक सूचना आहे. आपण दरवर्षी जाहिरातीच्या कॅलेंडरांवर आणि फ्लेक्सवर पैसे खर्च करतो. त्यातील काही हिस्सा शाळेच्या चित्रकला शिक्षकाकडे कागद-रंगांसाठी द्यावा, आणि पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर गावातल्याच मुलाचे चित्र त्याच्या नावासह आणि मोबदला देऊन छापावे. मुलाला पहिली कमाई मिळेल. आपल्यालाही गावात कोणाचा हात चालतो, ते कळेल.