गाण्यामागचं संगीत

‘सैराट’ची गाणी महागावच्या वरातीतही वाजतात. पण सिनेमात प्रसंगामागे शब्दांविना वाजतं, ते पार्श्वसंगीत. अजय-अतुल यांनी ‘सैराट’साठी थेट अमेरिकेत, लॉस एंजेलिसला मोठा वाद्यवृंद वाजवून घेतला. त्याच शहरातले चित्रपट समीक्षक दरवर्षी सिनेमाच्या संगीताला पुरस्कार देतात. आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांतही २००९च्या सिनेमांपासून गाण्यांचं बक्षीस वेगळं, पार्श्वसंगीताचं वेगळं. बरंच झालं, नाहीतर गाणीच भाव खातात!

पार्श्वसंगीत पारखायचं कसं? ते कुठं सुरू झालं ते ऐका, आणि कुठं थांबलं तेही. ‘सैराट’चा शेवट आठवा. जातीपायी मारलेल्या आर्ची-परशाचं लेकरू रक्ताची पावलं उमटवत बाहेर येतं, तेव्हा एकही वाद्य वाजत नाही.