ग्रीनस्टेडचें लांकडी चर्च

नोव्हेंबर महिना सरत आला म्हणजे इंग्लंडांत दिवस फारच अपुरा पडूं लागतो. सकाळीं साडेसातच्या सुमारास उगवलेला सूर्य दुपारीं चार वाजतां मावळतो, आणि मधल्या वेळांतहि तो बहुधा ढगांआडच असतो. ओक व बीच या वृक्षांचीं पानें तांबूस होऊन गळतात, पायवाटा ओल्या पाचोळ्यानें झांकून जातात, आणि नांगरलेल्या शेतांवर धुकें उतरतें. आपल्याकडे कार्तिकांत हवा निवळते, आकाश स्वच्छ होतें आणि माणसें अंगणांत येऊन बसतात. तिकडे त्याच सुमारास निसर्ग आपलें दार लावून घेतो, आणि माणसाला घर गोड वाटूं लागतें.

अशा दिवसांत शनिवार-रविवारच्या जोडसुट्टीची इंग्रज कुटुंबें आतुरतेनें वाट पाहतात. हल्लीं बहुतेक घरांत नळांतून गरम पाणी खेळवून ऊब आणतात. तरी जेथें जुनी शेकोटी शिल्लक आहे तेथें सुट्टीच्या दिवशीं ती मुद्दाम पेटविली जाते. चहा, भाजलेला पाव, मुरंबा आणि वाचावयाचें राहून गेलेलें एखादें पुस्तक, एवढ्यावर संध्याकाळ आनंदांत जाते. याच दिवसांत एक रविवार असा येतो कीं त्या दिवशीं घर आणि चर्च यांची गांठ थेट स्वयंपाकघरांत पडते. नाताळापूर्वीं सुमारें चार आठवड्यांचा तयारीचा काळ पाळतात. त्याच्या आदल्या रविवारीं म्हणावयाच्या जुन्या प्रार्थनेचा आरंभ ज्या क्रियापदानें होतो, त्याचा एक अर्थ ‘ढवळणें’ असा आहे. देवाला विनंती आहे ती भक्तांचीं मनें जागृत करण्याची. परंतु गृहिणींनीं त्या शब्दाचा सोयीचा अर्थ घेतला, आणि नाताळचें पुडिंग ढवळावयास घेण्याची हीच वेळ, असें ठरवून टाकलें. मनुका, बेदाणे, पाकांतल्या संत्र्याच्या साली, मसाला, चरबी, अंडीं आणि पावाचा चुरा असें मिश्रण मोठ्या भांड्यांत घालून घरांतील लहानथोर प्रत्येकानें एकदां तरी पळी फिरवावी आणि मनांत एक इच्छा धरावी, असा रिवाज आहे. पुडिंग चांगलें मुरावें लागतें, म्हणून महिनाभर आधीं ही घाई.

परंतु ही निवांत जोडसुट्टी कांहीं निसर्गानें दिलेली नाहीं. रविवार धर्मानें दिला. शनिवार मात्र कष्टकऱ्यांना मागून घ्यावा लागला. १८५० च्या कारखाना-कायद्यानें कापडगिरण्यांतील स्त्रिया व तरुण मजूर यांचें शनिवारचें काम दुपारीं दोन वाजतां थांबावें, असें ठरलें. पुढें ती सवलत हळूहळू इतर धंद्यांत पसरली, आणि सबंध शनिवार मोकळा मिळावयास विसावें शतक उजाडावें लागलें. शेकोटीपुढें बसणाराच्या हें सहसा ध्यानांत येत नाहीं. तें ध्यानांत आणून देणारें एक ठिकाण एसेक्स परगण्यांत आहे, आणि नवल असें कीं तें ठिकाण म्हणजे खेड्यांतील एक लहानसें, फार जुनें चर्च होय.

लंडनच्या ईशान्येस सुमारें वीस मैलांवर चिपिंग ऑंगर नांवाचा कसबा आहे. तेथून पश्चिमेस मैलभर चालत गेलें कीं ग्रीनस्टेड हें खेडें लागतें. एपिंगपासून हारिच बंदरापर्यंत ऐंशी मैलांहून अधिक लांब गेलेली ‘एसेक्स वे’ नांवाची पायवाट या चर्चवरूनच जाते. त्यामुळें सुट्टीच्या दिवशीं पायीं फिरणारे लोक येथें हटकून थांबतात. इंग्रजी धाटणीचें चर्च म्हटलें म्हणजे मुंबईकरांच्या डोळ्यांसमोर कुलाब्याचें अफगाण चर्च उभें राहील : दगडी बांधणी, टोंकदार कमानी आणि गगनाला भिडणारा मनोरा. ग्रीनस्टेडला यांतलें कांहींच नाहीं. येथें सभामंडपाच्या भिंती लांकडाच्या आहेत, आणि त्याहि तासून गुळगुळीत केलेल्या फळ्यांच्या नव्हेत, तर जवळजवळ अखंड झाडांच्या.

ही भिंत कशी उभी केली, तें पाहण्यासारखें आहे. ओकचे मोठमोठे सोट उभे चिरून त्यांच्या फांकी केल्या. चिरलेली सपाट बाजू आंत आणि गोल बाजू बाहेर, अशा त्या फांकी एकमेकींना लागून उभ्या केल्या. प्रत्येकीच्या दोन्ही कडांना खांच पाडून शेजारशेजारच्या दोन फांकींमध्यें लांकडाची पातळ पट्टी बसविली, म्हणजे फटींतून वारा-पाऊस आंत शिरूं नये. अशा ५१ फांकी आज शिल्लक आहेत. बाहेरून भिंतीला हात लावला तर अरण्यांतल्या बुंध्यालाच हात लावल्याचा भास होतो. आंतून पाहिलें तर सुताराच्या वाकसाचे घाव दिसतात. वेदीची जागा, म्हणजे आपल्या देवळांतील गाभाऱ्याच्या ठिकाणचा भाग, विटांचा आहे; तो सुमारें १५०० सालच्या वेळचा. पश्चिमेचा मनोरा पांढऱ्या फळ्यांचा असून तेथील एका घंटेवर १६१८ हा सन कोरलेला आहे. १८४८ सालीं जीर्णोद्धार झाला तेव्हां फांकींचे जमिनींतील बुडखे ओलीनें कुजले होते. ते कापून काढून वरचा निरोगी भाग विटांच्या जोत्यावर बसविण्यांत आला. भिंत थोडी आंखूड झाली, पण वांचली.

हें लांकूड किती जुनें, हा प्रश्न विद्वानांनीं बराच काळ चर्चिला. झाड दर वर्षीं आपल्या खोडांत एक वलय वाढवितें. पाऊसपाणी अनुकूल असेल त्या वर्षीं तें रुंद, प्रतिकूल वर्षीं अरुंद. एकाच प्रदेशांतील झाडांत या रुंद-अरुंद वलयांचा क्रम सारखाच येतो. म्हणून ज्यांचा काळ ठाऊक आहे अशा लांकडांशीं ताडून पाहिलें असतां अज्ञात लांकडाचाहि काळ ठरवितां येतो. १९६० च्या सुमारास केलेल्या तपासणीवरून ग्रीनस्टेडच्या लांकडाला ८४५ हें साल देण्यांत आलें, आणि पुढें कित्येक वर्षें तेंच पुस्तकांतून छापलें गेलें. १९९५ सालीं अधिक परिपूर्ण साधनांनीं पुन्हां मोजणी झाली. तेव्हां शिल्लक वलयांपैकीं शेवटचें १०५३ सालचें ठरलें. परंतु सालीलगतचें कच्चें लांकूड तासतांना नाहींसें झालेलें होतें. इंग्लंडांतील ओक वृक्षांत अशा लांकडाचीं वलयें साधारणतः दहा ते पंचावन्न असतात. तेवढीं वर्षें मिळवावीं लागतात. सारांश, हीं झाडें १०६३ ते ११०८ या काळांत केव्हां तरी तोडलीं गेलीं. नॉर्मन सरदारांनीं इंग्लंड जिंकलें तें वर्ष १०६६. तें नेमकें या मर्यादेंत येतें. बांधणीची रीत जुन्या सॅक्सन लोकांची, पण बांधतेवेळीं राज्य कोणाचें होतें, तें लांकूड सांगत नाहीं.

या दुरुस्तीनें चर्चचें वय दोनशें वर्षांहून अधिक उतरलें, तरी मान उतरला नाहीं. जपानांतील होर्यूजी येथील बौद्ध मंदिराच्या इमारती याहूनहि कितीतरी प्राचीन आहेत. परंतु उभ्या असलेल्या लांकडी चर्चांत सर्वांत जुनें म्हणून ग्रीनस्टेडची ख्याति कायम आहे. एका परंपरागत कथेचा अर्थ मात्र या मोजणीनें बदलला. नवव्या शतकांत डेन लोकांच्या हातून मारला गेलेला राजा एडमंड पुढें संत मानला गेला. त्याचा देह १०१३ सालीं लंडनहून स्वस्थानीं नेत असतां वाटेंत ऑंगरजवळच्या एका लांकडी देवळांत ठेवला होता, असा जुन्या बखरींत उल्लेख आहे. तें देऊळ ग्रीनस्टेडचें असेल, तर तें आजच्या भिंतींच्या पूर्वींचें असलें पाहिजे. १९६० मधील उत्खननांत विटांच्या गाभाऱ्याखालीं त्याहूनहि प्राचीन अशा दोन लांकडी वास्तूंच्या खुणा सांपडल्या. म्हणजे इमारत बदलली, पण जागा बदलली नाहीं.

लांकडांतील वलयें हा वर्षांचा हिशेब झाला. खेड्यांतील चर्चमध्यें दुसराहि एक हिशेब असे, आणि तो माणसांचा. १५३८ सालीं थॉमस क्रॉम्वेल यानें हुकूम काढला कीं प्रत्येक गांवच्या चर्चमध्यें एक वही ठेवावी आणि तींत बाप्तिस्मे, विवाह व दफनें यांची नोंद करावी. त्यापूर्वीं शेतमजुराचें नांव कागदावर येण्याचा प्रसंग क्वचितच, आणि आला तर खटल्यांत किंवा करवसुलींत. या वहीनें मात्र जमीनदार आणि त्याचा गुराखी यांना एकाच पानावर आणलें. १८३७ पासून विवाहाच्या नोंदींत वर, वधू आणि त्यांचे वडील यांचा धंदाहि लिहिला जाऊं लागला.

ग्रीनस्टेडच्या अशाच वहींत १८३९ सालचा एक विवाह नोंदला आहे. वराचें नांव जेम्स ब्राइन, वधूचें एलिझाबेथ स्टॅंडफील्ड. हीं दोघें या गांवचीं नव्हेत. तीं आलीं होतीं दूरच्या डॉर्सेट परगण्यांतील टॉलपडल या खेड्यांतून. तेथें शेतमजुरांची आठवड्याची मजुरी नऊ शिलिंगांवरून आठावर आणि आठावरून सातावर आली होती, आणि सहावर आणण्याची भाषा चालूं झाली होती. तेव्हां कांहीं मजुरांनीं एकत्र येऊन संघ स्थापिला. संघ स्थापणें त्या वेळीं कायद्यानें गुन्हा राहिला नव्हता. म्हणून सभासदांनीं गुप्त शपथ घेतली, एवढेंच निमित्त धरून आरमारांतील बंडाच्या वेळीं केलेला १७९७ चा कायदा त्यांच्यावर लावण्यांत आला. मार्च १८३४ मध्यें जॉर्ज लव्हलेस, त्याचा भाऊ जेम्स, थॉमस स्टॅंडफील्ड, त्याचा मुलगा जॉन, जेम्स हॅमेट आणि जेम्स ब्राइन या सहा जणांना सात वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा होऊन त्यांना ऑस्ट्रेलियांत धाडण्यांत आलें. देशभर गाऱ्हाणें झालें, अर्ज गेले, मिरवणुका निघाल्या. १८३६ सालीं सरकारला माफी द्यावी लागली. परत आलेल्यांसाठीं लोकांनीं वर्गणी जमवून एसेक्समध्यें शेतें खंडानें घेऊन दिलीं. त्यांतील एक शेत ग्रीनस्टेडचें.

नवी भूमिहि फार आतिथ्यशील ठरली नाहीं. आसपासच्या प्रतिष्ठितांना हे शिक्षा भोगून आलेले मजूर नकोसेच वाटत. परंतु लग्नाची वही कोणाचें मत विचारीत नाहीं. थॉमस स्टॅंडफील्डची मुलगी एलिझाबेथ आणि त्याच्याबरोबर शिक्षा भोगलेला ब्राइन यांचें लग्न त्याच लांकडी भिंतींच्या आंत लागलें, आणि तें वहींत चढलें. पुढें कांहीं वर्षांनीं सहांपैकीं पांच जण कुटुंबांसह कॅनडांत निघून गेले. हॅमेट तेवढा टॉलपडलला परतला. ग्रीनस्टेडला त्यांच्या मुक्कामाची खूण उरली ती त्या नोंदीची.

मराठी श्रोत्याला या हकीकतींत एक ओळखीचा सूर ऐकूं येईल. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं मुंबईच्या गिरणी-कामगारांना एकत्र करून आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली, आणि जून १८९० मध्यें गिरणीमालकांनीं रविवारची सुट्टी मान्य केली. रविवारीं सकाळीं निवांतपणें चहा घेणाऱ्या मुंबईच्या घरांत आणि शेकोटीपुढें बसलेल्या इंग्रज घरांत एवढें नातें खास आहे, कीं दोघांच्याहि विश्रांतीमागें कोणी तरी संघटित होण्याचें धैर्य दाखविलें होतें.

अशीं जुनीं चर्चें टिकविणें मात्र दिवसेंदिवस कठीण होत चाललें आहे. इंग्लंडच्या चर्चसंस्थेकडे सुमारें सोळा हजार प्रार्थनामंदिरें आहेत. त्यांपैकीं कित्येक खेड्यांत रविवारीं येणारे भाविक बोटांवर मोजण्याइतके असतात, आणि छपराच्या दुरुस्तीचा भार मुख्यतः त्यांच्यावरच पडतो. उपासना बंद पडलेल्या, पण जपण्यायोग्य अशा चर्चांसाठीं १९६९ सालीं एक निधी स्थापन झाला. त्याच्या हातीं आज साडेतीनशेंहून अधिक चर्चें आहेत. पण संख्येपुढें हा उपाय तोकडाच. छप्पर गळूं लागलें कीं प्रथम लांकूड कुजतें, मग भिंत खचते, आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्या एका छताखालीं गांवच्या साध्या माणसांचें बारसें, लग्न आणि शेवटचा निरोप झाला, तें छतच जातें. वह्या दप्तरखान्यांत सुरक्षित राहतील. पण ज्या जागेनें त्या नोंदींना अर्थ दिला ती जागा दप्तरखान्यांत ठेवतां येत नाहीं. १८४८ सालीं कुजके बुडखे कापण्याचे कष्ट कोणीं घेतले नसते, तर १९९५ सालीं वलयें मोजावयास लांकूडच उरलें नसतें.

साडेतीन वाजले कीं ग्रीनस्टेडच्या आवारांत उजेड मंदावूं लागतो. फिरावयास आलेली मंडळी बुटांचा चिखल झटकून परतीची वाट धरतात, कारण अंधार पडण्यापूर्वीं घर गांठावयाचें असतें. घरीं दिवा लागलेला असतो, आधण ठेवलेलें असतें, आणि भांड्यांतलें पुडिंग आपल्या पाळीची वाट पाहत असतें.