एकेकाळी कोट्यवधींची बाजारपेठ, आज तालुक्याचं गाव : कारंजा लाड नेमकं आहे तरी काय?

समृद्धी महामार्गावरून नागपूरहून शिर्डीकडे निघालात की वाशिम जिल्ह्याच्या सुरुवातीलाच 'कारंजा लाड' असा मोठा बोर्ड दिसतो. बहुतेक गाड्या न थांबता पुढे जातात. दत्तभक्तांना हे नाव माहीत असतं, जैन समाजात ते आदरानं घेतलं जातं. बाकीच्यांचा मात्र पहिला प्रश्न असतो, हे 'लाड' काय प्रकरण आहे?

प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर शोधायला गेलं की साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका श्रीमंत शहरापर्यंत पोहोचावं लागतं.

आधी नावाचा गोंधळ मिटवू. महाराष्ट्रात कारंजा नावाची गावं बरीच आहेत. वर्धा जिल्ह्यात कारंजा घाडगे आहे, उरणजवळही एक कारंजा आहे. वाशिमचं कारंजा 'लाड' झालं ते इथल्या लाड समाजामुळे, असं मानलं जातं. लाट म्हणजे दक्षिण गुजरातचं जुनं नाव. त्या भागातून आलेले व्यापारी ते लाड. म्हणजे गावाच्या नावातच बाहेरून आलेल्या व्यापाऱ्यांची नोंद आहे. एक जुनं नाव 'बिबीचं कारंजं' असंही सांगतात. अहमदनगरच्या निजामशाहीतल्या एका राजकन्येला हे गाव आंदण दिलं होतं, अशी त्यामागची कथा. आणि मूळ 'कारंजा' कुठून आलं? करंज ऋषींवरून, असं स्थानिक परंपरा सांगते. ऋषींना दुर्धर रोग झाला, त्यांनी देवीचा धावा केला, देवीनं तळं निर्माण केलं आणि त्यात स्नान करून ते बरे झाले. ते ऋषी तलाव आजही गावात आहे. इंग्रजांनी गॅझेटिअर लिहिताना ही कथा जशीच्या तशी नोंदवून ठेवली.

पाणी कुठे जातं, ते बघा

या तलावाची भूगोलातली गोष्ट कथेपेक्षा कमी रंजक नाही. कारंजा परिसरात बेंबळा नदी उगम पावते आणि पूर्वेकडे यवतमाळ जिल्ह्यात जाऊन वर्धा नदीला मिळते. याच तालुक्यातून वाहणारी अडाण मात्र दक्षिणेकडे वळते आणि पैनगंगेत जाते. दोन्हींचं पाणी पुढे वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी असं करत बंगालच्या उपसागरात पोहोचतं. याच वाशिम जिल्ह्याच्या डोंगरांत उगम पावणारी काटेपूर्णा मात्र उत्तरेकडे जाते, पूर्णा-तापीमार्गे अरबी समुद्राला मिळते. म्हणजे एकाच जिल्ह्यात पडलेला पाऊस देशाच्या दोन किनाऱ्यांना वाटला जातो.

अशा माथ्यावरच्या प्रदेशाचा एक तोटा असतो. इथे नद्या सुरू होतात, मोठ्या मात्र पुढे जाऊन होतात. त्यामुळे पाणी अडवल्याशिवाय भागत नाही, आणि अडाणवरच्या धरणाचं महत्त्व त्यातूनच येतं. जमीन मात्र काळी, कापसाला मानवणारी. आज सोयाबीन आणि तुरीनं बरीच जागा घेतली असली तरी या गावाची श्रीमंती कापूस आणि कापडानं उभी केली होती. गावाजवळच्या माळरानावर कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य आहे, सुमारे १८ चौरस किलोमीटरचं. घनदाट जंगल बघायच्या अपेक्षेनं गेलात तर निराश व्हाल. गवताळ माळ हेच काळवीटाचं घर असतं, आणि सरकारी कागदांवर 'पडीक' ठरून आधी नाहीसे होतात तेही असेच माळ.

एक कोटीची लूट

आता १६७० सालाकडे. ऑक्टोबरमध्ये मराठ्यांनी दुसऱ्यांदा सुरत लुटली, परतीच्या वाटेवर वणी-दिंडोरीला मोगलांना हरवलं. त्यानंतर काही आठवड्यांतच मराठी फौज खानदेशातून थेट वऱ्हाडात घुसली. बुऱ्हाणपूरजवळचं बहादूरपुरा लुटून ती पोहोचली कारंज्यावर. तिथे ती येईल, असं कुणाच्या मनातही नव्हतं.

इतिहासकार जदुनाथ सरकार यांनी दिलेल्या तपशिलानुसार सोनं, चांदी आणि उंची कापड मिळून जवळपास एक कोटी रुपयांचा ऐवज हाती लागला. तो वाहून न्यायला चार हजार बैल आणि गाढवं लागली. गावातल्या धनिकांना खंडणीसाठी सोबत नेण्यात आलं. सगळ्यात बडा सावकार तेवढा निसटला, तोही बाईचा वेश घालून.

या स्वारीत शिवाजी महाराज स्वतः होते की प्रतापराव गुजरांच्या नेतृत्वाखाली ती झाली, यावर वेगवेगळी मतं आहेत. पण इथे महत्त्वाचा प्रश्न दुसराच आहे. सुरत हे बंदर होतं, जगभरची जहाजं तिथे यायची. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या कारंज्यात एवढा पैसा आला कुठून?

उत्तर व्यापारी मार्गात आहे. वऱ्हाडचा कापूस आणि कापड बुऱ्हाणपूरकडे जायचं, तिथून सुरतेला. त्या साखळीत माल गोळा करणारं आणि पैसा पुरवणारं वऱ्हाडातलं एक मोठं केंद्र म्हणजे कारंजा. लाड व्यापारी गुजरातकडून आले, बघेरवाल जैन राजस्थानातून. गावाला तट होता आणि चार वेशी. दिल्ली वेस, पोहा वेस, मंगरूळ वेस आणि दारव्हा वेस. तीन वेशींची नावं आसपासच्या गावांची, आणि चौथी थेट दिल्लीची. आपला संबंध कुठपर्यंत आहे, हे सांगायची ही पद्धत फारच नामी होती.

त्या श्रीमंतीची एक दंतकथा गावात आवडीनं सांगितली जाते. उंटांवर कस्तुरी लादून एक व्यापारी आला, आणि एवढी कस्तुरी घेणारा या गावात कोण असणार, असं काहीसं बोलला. एका जैन सावकारानं सगळी कस्तुरी विकत घेतली आणि घराच्या बांधकामासाठी भिजवलेल्या मातीत ओतायला लावली. हीच 'कस्तुरीची हवेली'. गोष्ट घडली असेल, नसेल. पण लोक अशी कथा ज्या गावाबद्दल रचतात, तिथे पैसा किती दिसत असेल, याचा अंदाज येतो.

लूट झाली, पोथ्या राहिल्या

कारंज्याचं सगळ्यात मोठं धन चार हजार बैलांवरून गेलंच नव्हतं.

दिगंबर जैन परंपरेतल्या तीन शाखांच्या गाद्या या एका गावात होत्या. सेनगण, बलात्कार गण आणि काष्ठासंघ. गादीवर असायचे ते भट्टारक. मंदिरांची व्यवस्था, समाजाचे तंटे, विद्यार्थ्यांचं शिक्षण आणि हस्तलिखितं सांभाळणं, ही त्यांची कामं. तिन्ही परंपरांची मंदिरं गावात आहेत. काष्ठासंघाच्या मंदिरातलं लाकडी कोरीवकाम बघायला लोक मुद्दाम येतात. या मंदिरांच्या भांडारांत पोथ्यांचे गठ्ठे पिढ्यान्‌पिढ्या बांधून ठेवलेले होते.

१९२६ मध्ये रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली आणि कारंज्याच्या भांडारांकडे अभ्यासकांचं लक्ष गेलं. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात शिकवणारे डॉ. हिरालाल जैन आणि संस्कृत-प्राकृतचे मोठे पंडित डॉ. प. ल. वैद्य यांनी इथल्या पोथ्यांवर काम केलं. नावातलं साम्य बघून गोंधळू नका, दोन हिरालाल ही दोन वेगळी माणसं आहेत. १९३१ मध्ये पुष्पदंताचं 'जसहरचरिउ' छापून आलं, १९३३ मध्ये 'णायकुमारचरिउ', १९३४ मध्ये मुनी कनकामराचं 'करकंडचरिउ'. ही ग्रंथमाला कारंज्याच्याच नावानं निघाली.

आपल्याला याचं काय? ही पुस्तकं अपभ्रंश भाषेत आहेत. प्राकृत आणि आजच्या मराठी, गुजराती, हिंदीसारख्या भाषा यांच्यामधला टप्पा म्हणजे अपभ्रंश. त्याचं साहित्य फार उशिरापर्यंत अभ्यासकांना ठाऊकच नव्हतं. पुष्पदंत हा १०व्या शतकातला कवी, राष्ट्रकूटांच्या मान्यखेट या राजधानीत राहून लिहिणारा. मान्यखेट म्हणजे आजच्या कर्नाटकातलं मळखेड. कारंज्याच्या बलात्कार गणाच्या गादीचं मूळही मळखेडशीच जोडलं जातं. राष्ट्रकूट गेले, त्यांची राजधानी उद्ध्वस्त झाली, आणि तिथल्या कवीचं लेखन वऱ्हाडातल्या एका बाजारपेठेत टिकून राहिलं. पैसेवाल्या व्यापाऱ्यांनी देवळं बांधली आणि पोथ्यांच्या नकला करवून घेतल्या, म्हणून हे शक्य झालं. १९१८ मध्ये याच गावात महावीर ब्रह्मचर्याश्रम हे गुरुकुल सुरू झालं. त्याचे संस्थापक देवचंदजी पुढे समंतभद्र महाराज म्हणून ओळखले गेले.

दत्त संप्रदायाची गोष्ट याहून जुनी आणि जास्त प्रसिद्ध. नृसिंह सरस्वतींचा जन्म १४व्या शतकाच्या उत्तरार्धात कारंज्यात झाला, आई अंबा आणि वडील माधव. पुढे ते काशीला गेले, संन्यास घेतला आणि औदुंबर, नृसिंहवाडी, गाणगापूर ही ठिकाणं त्यांच्यामुळे क्षेत्रं झाली. जन्मगाव मात्र बराच काळ मागेच राहिलं. विसाव्या शतकात टेंबे स्वामींच्या परंपरेतून जन्मस्थानाचा शोध पुढे आला आणि १९३४ मध्ये गुरुमंदिर उभं राहिलं. आज गावात बाहेरून येणाऱ्यांपैकी मोठा वर्ग इथेच येतो.

मग घसरण कशी झाली?

लुटीमुळे, असं सोपं उत्तर देता येईल. पण ते पुरेसं नाही, कारण त्यानंतरही कारंजा बाजारपेठ म्हणून चालूच होतं. १९०१ च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या साडेसोळा हजारांच्या घरात होती, त्या काळाच्या मानानं मोठी. नगरपालिकाही आली होती. तट मात्र तोवर ढासळला होता.

खरा फटका रुळांनी दिला. १८६०च्या दशकात मुंबई-नागपूर रेल्वेमार्ग वऱ्हाडातून गेला तो अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा. कारंजा तीसेक किलोमीटर दक्षिणेला राहिलं. कापसाचा व्यापार स्टेशनांकडे सरकला. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूर ते यवतमाळ हा ११३ किलोमीटरचा नॅरोगेज मार्ग कारंज्यावरून काढला गेला, तोही मुख्यतः कापूस बंदराकडे न्यायला. हीच ती 'शकुंतला'. किलिक निक्सन या कंपनीच्या व्यवस्थापनाखालची, आणि देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झाल्यावरही खासगी मालकीची राहिलेली. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन इथे १९९४ पर्यंत धावत होतं. गाडी इतकी संथ की बसनं जाणारा आधी पोहोचायचा, पण तिकीट स्वस्त होतं आणि गोरगरिबांची ती गाडी होती. आता ती बंद आहे. ब्रॉडगेजची मागणी वर्षानुवर्षं होते आहे.

जिल्हेही बदलत गेले. १९०५ पर्यंत कारंजा अमरावती जिल्ह्यात, मग मूर्तिजापूर तालुक्याबरोबर अकोल्यात, आणि १ जुलै १९९८ ला वाशिम जिल्हा झाला तेव्हापासून वाशिममध्ये. सरळ रेषेत बघितलं तर अमरावती आणि वाशिम, दोन्ही इथून जवळपास सारख्याच अंतरावर आहेत.

डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि कारंज्याला इंटरचेंज मिळाला. १८६०च्या दशकात मुख्य मार्ग बाजूनं गेला होता, या वेळी तो दाराशी आला आहे. पण द्रुतगती महामार्गावर वाटेत कुठेही उतरता येत नाही, आणि इंटरचेंजवरून जुन्या गावात यायला कारण लागतं. दिल्ली वेस अजून उभी आहे.