एका ‘किंवा’ची गोष्ट

संसद म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? आरडाओरडा, घोषणा, हौद्यात उतरलेले खासदार आणि ‘सभागृह दुपारी दोनपर्यंत तहकूब’. कॉमन रूमच्या टीव्हीवर ते दोन मिनिटं दिसतं आणि लगेच मागून आवाज येतो, ‘अरे, मॅच लाव!’ पण मित्रांनो, याच संसदेत कधी कधी शांतपणे उठून विचारलेल्या एका प्रश्नावर हजारो कोटी रुपये आणि हजारो गावांचं जंगल अवलंबून असतं. अशाच एका प्रकरणाबद्दल हा लेख.

आधी पैशाबद्दल. आपल्या केमिस्ट्री लॅबमध्ये काच फुटली की ब्रेकेज भरावं लागतं. देशाच्या जंगलालाही असंच ब्रेकेज आहे. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानुसार जंगलाची जमीन खाण, धरण, रस्ता किंवा वीजवाहिनीसाठी हवी असेल तर केंद्र सरकारची परवानगी लागते. परवानगी मिळाली की दुसरीकडे झाडं लावण्याचा खर्च भरायचा. शिवाय गेलेलं जंगल पाणी, माती, हवा, लाकूड अशा रूपात जे देत होतं त्याचंही मोल भरायचं. याला ‘नेट प्रेझेंट व्हॅल्यू’ म्हणतात. २००८ मध्ये ठरलेले दर जंगलाचा प्रकार आणि दाटपणा बघून हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये होते, २०२२ मध्ये ते वाढवले गेले. लॅबशी फरक एवढाच की टेस्ट ट्यूब दुसऱ्या दिवशी नवी आणता येते, जंगल नाही.

पैसे भरले जात होते, पण झाडं दिसत नव्हती. त्यामुळे गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये यासाठी स्वतंत्र निधी करायला सांगितलं. २००६ पासून हा पैसा ‘ॲड-हॉक कॅम्पा’ नावाच्या तात्पुरत्या व्यवस्थेकडे साठू लागला. २००९ मध्ये न्यायालयाने वर्षाला साधारण १००० कोटी रुपये राज्यांना द्यायची मुभा दिली. बाकी रक्कम बँकेत व्याज खात पडून राहिली.

२०१३ मध्ये ‘कॅग’चा अहवाल संसदेत आला. २००६ ते २०१२ या काळात जंगलाच्या बदल्यात १,०३,३८२ हेक्टर बिगरवन जमीन मिळायला हवी होती. मिळाली २८,०८६ हेक्टर, म्हणजे २७ टक्के. आणि अशा जमिनीवर प्रत्यक्ष झाडं लागली फक्त ७,२८१ हेक्टरवर, म्हणजे मिळायला हव्या होत्या त्या जमिनीच्या ७ टक्के. आपल्याकडे सात टक्के मार्क पडले तर एटीकेटीसुद्धा मिळत नाही!

आता मुख्य गोष्ट. हा साठलेला पैसा राज्यांना देण्यासाठी सरकारने मे २०१५ मध्ये प्रतिपूरक वनीकरण निधी विधेयक लोकसभेत मांडलं. ९० टक्के राज्यांना, १० टक्के केंद्राला. मे २०१६ मध्ये लोकसभेत ते मंजूर झालं आणि राज्यसभेत आलं. तिथे विरोधी बाकांवरून काँग्रेसचे जयराम रमेश यांनी त्यातल्या एका मोठ्या उणिवेवर बोट ठेवलं. (रमेश आपल्याच जातीचे, म्हणजे इंजिनिअर. १९७५ चे आयआयटी मुंबईचे मेकॅनिकल!)

मुद्दा साधा होता. पैसा जाणार वनखात्याकडे, झाडं लावणार वनखातं. पण ज्या जमिनीवर झाडं लावायची तिथे आधीच लोक राहतात, गुरं चारतात, शेती करतात, डिंक-मोह-तेंदू गोळा करतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांच्या ग्रामसभेला जंगलावर हक्क दिले आहेत. मग तिला न विचारता तिथे सागाची रोपं खुपसून तारेचं कुंपण घातलं तर? विधेयकात ग्रामसभेच्या संमतीची अट नव्हती. ती असावी, अशी दुरुस्ती रमेश यांनी मांडली.

सरकारची बाजूही ऐकायला हवी. पैसा वर्षानुवर्षं अडकून पडलाय, राज्यांना तो लवकर मिळू द्या, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते काही चूक नव्हतं. शिवाय रमेश स्वतः २००९ ते २०११ या काळात पर्यावरणमंत्री होते. ‘तुमच्या वेळी काय झालं?’ हा प्रश्न त्यांना विचारता येतोच. पण विचारणारा कोण यावरून प्रश्न खोटा ठरत नाही.

राज्यसभेत तेव्हा सरकारकडे बहुमत नव्हतं, त्यामुळे विरोधकांच्या शब्दाला वजन होतं. २८ जुलै २०१६ रोजी पर्यावरणमंत्री अनिल माधव दवे यांनी सभागृहात आश्वासन दिलं की नियम बनवताना ग्रामसभेची काळजी घेतली जाईल. रमेश यांनी दुरुस्तीचा आग्रह सोडला आणि विधेयक मंजूर झालं.

तुम्ही म्हणाल, मंत्र्याच्या आश्वासनाला काय अर्थ? इथेच एक गोष्ट आपल्याला माहीत नसते. सभागृहात दिलेलं आश्वासन हवेत विरत नाही. दोन्ही सभागृहांत ‘शासकीय आश्वासन समिती’ असते. ती अशी आश्वासनं नोंदवून घेते आणि ती साधारण तीन महिन्यांत पुरी करावीत अशी अपेक्षा असते. मंत्री बदलला तरी आश्वासन सरकारचंच राहतं. दवे यांचं मे २०१७ मध्ये निधन झालं, पण दिलेला शब्द कामकाजाच्या नोंदीत होता.

नियम आले ऑगस्ट २०१८ मध्ये. त्यात ग्रामसभा आली खरी, पण कशी? वनजमिनीवरची कामं ग्रामसभा ‘किंवा’ गावाच्या वनव्यवस्थापन समितीशी सल्लामसलत करून करायची. आता हा ‘किंवा’ नीट बघा. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्समध्ये ‘अँड’ आणि ‘ऑर’ गेटमधला फरक आपण पहिल्याच आठवड्यात शिकतो. ‘ऑर’ गेटला एक इनपुट मिळालं तरी पुरतं. वनव्यवस्थापन समिती ही वनखात्याच्या योजनेतून आणि त्याच्याच देखरेखीखाली चालते. तिची सही घेतली की झालं, ग्रामसभेला विचारायची गरजच उरत नाही. दुसरं म्हणजे ‘संमती’च्या जागी ‘सल्लामसलत’ आली. रेक्टर ‘तुमचं मत सांगा’ म्हणतात आणि ‘तुमची परवानगी आहे का?’ म्हणतात, यातला फरक हॉस्टेलवाल्यांना वेगळा सांगायला नको!

ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने ४७,४३६ कोटी रुपये राज्यांना दिले. महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे ३,८४४ कोटी आले.

ग्रामसभेला विचारलं तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या गडचिरोलीत आहे. मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायचा तर वाहतुकीचा परवाना वनखात्याकडेच. एप्रिल २०११ मध्ये पर्यावरणमंत्री असलेले हेच जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं गेलं. मग गावाने स्वतः बांबू विकला. म्हणजे राज्यसभेतला प्रश्न हवेतून आलेला नव्हता.

शेवटी, प्रश्न विचारण्याच्या पद्धतीबद्दल थोडं. खासदाराने साधारण १५ दिवस आधी लेखी प्रश्न द्यायचा. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीत येऊ शकतात. अतारांकितचं उत्तर फक्त लेखी, म्हणजे आपलं जर्नल सबमिशन. तारांकितला तोंडी उत्तर आणि त्यावर पूरक प्रश्न, म्हणजे व्हायवा! जर्नल कुणाचंही कॉपी करता येतं, खरं काय ते व्हायवात कळतं. म्हणून सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात कोविडचं कारण देऊन प्रश्नोत्तराचा तास रद्द झाला, तेव्हा विरोधक चिडले ते उगाच नाही.

आपण उद्या रस्ते, धरणं, खाणी यांच्या प्रकल्प अहवालांवर काम करू. त्यात ‘प्रतिपूरक वनीकरण’ अशी एक ओळ असेल आणि पुढे एक रक्कम. आपण ती बेरजेत धरून पुढे जाऊ. तेव्हा एवढं विचारलं तरी पुष्कळ : ही झाडं नक्की कुठे लागणार, आणि तिथल्या लोकांना कुणी विचारलंय का? उत्तरात ‘किंवा’ असेल, तर दुसरा प्रश्न तयार ठेवा.